बागेत बसून ख्रिस्ती भजनं म्हटली तर बिघडलं कुठे?

शरणपूरकर: गेल्या रविवारी संध्याकाळी आमच्या मंडळीतले काही जण गंगापूर रोडच्या एका बागेत नाताळची गीतं म्हणायला बसलो होतो. पेटी, तबला, झांजा. माईक नाही, पत्रकं नाहीत. एक गृहस्थ आले, "हे चर्चमध्ये करा" म्हणाले आणि मोबाइलवर शूटिंग करायला लागले. तबल्यावर आमचा अकरावीतला मुलगा होता. डग्ग्यावर हात तसाच ठेवून तो आमच्या तोंडाकडे बघत राहिला. शेवटी सगळे उठलो.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. पुन्हा जायचं, तिथेच बसायचं आणि गायचं. नाशिक उघड्यावर गाणारं गाव आहे. पिंपळपारावर पाडवा पहाट होते, घाटावर भजनं होतात, निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकहून निघून शहरातून टाळ वाजवत जाते. आमची गीतंही याच मातीतली. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंग-ओवीत आणली, त्यांच्या लक्ष्मीबाई इथल्याच जलालपूरच्या. ती गीतं चार भिंतींत का कोंडायची?

पंचवटीकर: पालखीची तुलना पटत नाही. पालखी येते आणि पुढे जाते, तुम्ही जागा धरून बसता. बागेत म्हातारी माणसं, नुकतं ऑपरेशन झालेली माणसं निवांत बसायला येतात. शिवाय गीतात "तारणाऱ्याकडे या" म्हणायचं आणि वर हा प्रचार नाही म्हणायचं, हे कसं? आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या डीजेविरुद्धही मी अर्ज दिलाय, तेव्हा धर्म बघून बोलतोय असं समजू नका. चेन्नईच्या एका चर्चच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली सांगितलंच आहे की दुसऱ्याची शांतता मोडून प्रार्थना करा असं कोणताच धर्म सांगत नाही.

शरणपूरकर: तो वाद ध्वनिवर्धक आणि ढोलांचा होता. निवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे, खुशाल मोजायला या. राहिला प्रचार. संविधानाच्या 25व्या कलमात धर्माचा प्रसार करायचं स्वातंत्र्य दिलेलं आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सांभाळून. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, हे 1977 च्या निकालात आलं आणि ते मला मान्य आहे. पण गाणं ऐकून कुणाचा धर्म बदलत नाही. नको असेल त्याने दोन बाकं पलीकडे बसावं.

सातपूर_शिफ्टवाला: उद्यान विभागाची परवानगी काढली होती का? कागद खिशात असता तर तिथल्या तिथे मिटलं असतं.

शरणपूरकर: हास्यक्लबवाल्यांकडे कुणी कागद मागितल्याचं मी तरी पाहिलं नाही. तरी मुलांसाठी म्हणून अर्ज देतोय.

देवळालीची मावशी: जय ख्रिस्त बाळा. मी मंडळीतलीच, म्हणून बोलते. कलमं सगळी बरोबर, पण तो व्हिडिओ किती ग्रुपांवर फिरला आणि खाली काय काय लिहिलंय ते वाचलंस का? त्यात दोघी मुली नोकरीला आहेत. एकीला ऑफिसात विचारणा झाली. पोरीची आई माझ्याकडे येऊन रडली. गीत म्हणजे उपासना. ज्याच्यासाठी गायचं तो देवळातही ऐकतो, घरातही ऐकतो. साक्ष द्यायची तर मोठ्यांनी द्यावी, लेकरांना पुढे करू नये.

शरणपूरकर: मावशी, मुलांचं तुमचं खरंय. पुढच्या वेळी फक्त मोठी माणसं बसतील. पण आपण घरात बसलो तर उद्या नाताळात गल्लीतून कॅरल गात जायलाही पोरं बिचकतील. आज दारोदार जातो तेव्हा शेजारचे लोक चहा पाजतात. तेही हळूहळू बंद होईल, त्याची मला जास्त भीती वाटते.

पंचवटीकर: मुलांचं शूटिंग करून फिरवणं चुकीचंच, ते मीही त्या ग्रुपवर लिहिलंय. गाण्याबद्दल मत बदललेलं नाही. दर रविवारी एकच कोपरा धरलात तर बाकीच्यांनी तिथे बसायचंच नाही का? महिन्यातून एकदा, तासभर, एवढं असेल तर माझी हरकत नाही.

शरणपूरकर: महिन्यातून एकदा चालेल. मात्र हाच नियम बागेत जमणाऱ्या प्रत्येक गटाला लावा. तसा अर्ज करणार असाल तर त्यावर पहिली सही माझी.

देवळालीची मावशी: आणि आधी त्या पोरीच्या घरी जाऊन ये.