समुद्राकाठच्या जंगलात राहायला गेलात तर सोय म्हणून खरंच काय लागतं? तुमचे अनुभव सांगा

डोंबिवलीकर:
गेल्या महिन्यात आईला (वय ६८, दोन्ही गुडघे दुखरे) आणि लेकीला घेऊन फणसाडला जाऊन आले, तेव्हापासून हा धागा काढायचं मनात होतं. मुरूड तालुक्यातलं अभयारण्य, पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं, १९८६ ला अभयारण्य झालं. काशीदच्या बीचवर पाय ठेवायला जागा नसते आणि मागच्या डोंगराकडे कुणी मान वळवून बघत नाही, आम्हीही इतकी वर्षं तेच केलं.

सुपेगावला तंबूत राहिलो. मोबाईलला रेंज नाही, रात्री मिट्ट काळोख, जेवण गावातल्या ताईंनी केलेलं, तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. सकाळी वाटाड्या दादा आला, आईची चाल बघितली आणि म्हणाला, "आजी, लय लांब नको, इथंच पाण्यापाशी बसा. पाणी हाय म्हंजे कोन ना कोन येतंच." पाऊण तास काहीच नाही, लेक कंटाळली, आणि मग वर सालं पडल्यासारखा टप टप आवाज. शेकरू! मागच्या पायांनी फांदी धरून उलटं लटकलेलं, पुढच्या दोन हातांत उंबर, तो गोल फिरवत कुरतडत होतं. पाठ तांबूस, पोट सायीसारखं, शेपूट अंगापेक्षा लांब. आई शाळेत शिक्षिका होती, ३० वर्षं मुलांकडून "राज्यप्राणी शेकरू" पाठ करून घेतलं आणि स्वतः आत्ता पहिल्यांदा बघितलं. डोळे पुसत होती.

आता मूळ मुद्दा. याच्या आधी कोकणातल्याच एका निसर्ग उद्यानात गेलो होतो, तिथे झिपलाईन, सेल्फी पॉईंट, कारंजं सगळं होतं, पण टॉयलेटला कुलूप आणि किल्ली कुणाकडे ते कुणालाच माहीत नाही. आई चार तास पाणी न पिता बसली कारण जायचं कुठे. परत येताना गाडीत तिला चक्कर आली. मला अजून राग येतो. म्हणून विचारतेय, तुमच्या मते काय हवंच आणि काय अजिबात नको?

रोहेकर:
ताई, वाटाड्या बरोबर बोलला. फणसाडमध्ये पाणवठ्याला आम्ही गाण म्हणतो. फणसाडगाण, चिखलगाण अशी नावं आहेत, अभयारण्याचं नावच त्या फणसाडगाणावरून पडलंय. उन्हाळ्यात बाकी ओढे आटतात, गाणाला पाणी राहतं, त्यामुळे सगळं जंगल तिथे पाण्याला येतं.

मी बुद्ध पौर्णिमेच्या प्राणी गणनेला मचाणावर बसलोय. त्या रात्री चांदणं लख्ख असतं म्हणून ती रात्र. संध्याकाळी चढायचं ते उजाडल्यावर उतरायचं, बोलणं बंद, अंगाला अत्तर-पावडर नाही, भडक कपडे नाहीत, डबा पण वास न येणारा. पहिले दोन तास फक्त डास. मग भेकर (छोटं हरीण) आलं, दर दोन घोटांनंतर मान वर, कान मागे. रात्री कधीतरी वानरांचा खकाऱ्यासारखा आवाज झाला आणि भेकर जागच्या जागी दगड झालं, मग एका उडीत गायब. बिबट्या दिसला नाही मला. पण तो तिथेच होता हे त्या भेकराच्या मानेवरून कळलं, आणि माझ्या अंगावरचा काटा सकाळपर्यंत गेला नाही.

माझं मत, बॅटरीचा प्रखर झोत आणि स्पीकर या दोन गोष्टींना गेटवरच थांबवा. बाकी पिण्याचं पाणी, स्वच्छ संडास आणि गावातला वाटाड्या एवढं पुष्कळ झालं.

पेणची एक:
मचाणाची हौस मलाही आहे पण पाळीच्या दिवसात सहलीची तारीख आली की बाईने काय करायचं यावर कुणी बोलत नाही म्हणून लिहितेय. जाड कागद, झिपची पिशवी, पाण्याची छोटी बाटली सोबत ठेवायची आणि वापरलेलं सगळं परत घरी आणायचं, जंगलात पुरायचं नाही, रानडुकरं उकरतात. आणि टॉयलेटच्या दाराला आतून कडी हवी हो, किती ठिकाणी कडीच नसते.

अलिबागकर:
३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर गेलो होतो तेव्हा वाटेत झाडंच झाडं आडवी, बघवत नव्हतं. आता रान पुन्हा भरलंय. गारंबीचा वेल नक्की दाखवायला सांगा, मांडीएवढा जाड, या झाडावरून त्या झाडावर गेलेला, शेंग हातभरापेक्षा लांब. तिच्या बिया ओढ्यातून समुद्रात जातात आणि तरंगत लांबच्या किनाऱ्याला लागतात, मला एक बी वाळूत सापडलेली, लेकाने आठ वर्षं जपून ठेवलीय.

गिधाडंही आहेत, पांढऱ्या पाठीची. गावातली मेलेली गुरं त्यांच्यासाठी ठेवतात. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकमुळे गिधाडं देशभर संपत आली, २००६ ला ते औषध जनावरांसाठी बंद झालं. तो घास दुरूनच बघावा, फोटोसाठी जवळ गेलात तर ती उपाशी उडून जातात.

ठाणेकर:
थंडीत पोपटी (मडक्यात पाला आणि वालाच्या शेंगा घालून आगीत भाजतात ती) लावायची तर जंगलात चालेल का? आमचा दहा जणांचा ग्रुप आहे.

अलिबागकर:
जंगलात नाही दादा, आत आग नकोच, डिसेंबरनंतर गवत वाळलेलं असतं, एक ठिणगी पुरते. गावातल्या कुणाच्या शेतात विचारून लावा, भांबुर्ड्याचा पाला आणि वालाच्या शेंगा तिथेच मिळतील आणि त्या घरालाही चार पैसे मिळतील.

मालवणकर:
आमच्याकडे सागरी अभयारण्य आहे, १९८७ चं. स्नॉर्केलिंगला याच पण प्रवाळावर उभं राहू नका, ते जिवंत असतं. मी स्वतः बघितलंय, एका बोटीचा नांगर ओढला गेला आणि प्रवाळाचा पंख्याएवढा तुकडा उलटा झाला. बोट ठरवताना नांगर कुठे टाकता ते आधी विचारा.

वेळासहून:
आमच्या घरी कासवं बघायला येणारे लोक उतरतात म्हणून लिहिते. कासवाची मादी शंभराच्या वर अंडी घालून जाते, कासवमित्र ती काढून कुंपणातल्या खड्ड्यात ठेवतात, दीड-दोन महिन्यांनी पिल्लं निघतात. सकाळी आणि संध्याकाळी खड्ड्यावर झाकलेली टोपली उचलतात. कधी पन्नास पिल्लं असतात, कधी एकही नसतं. एकदा एक साहेब रागावले, पैसे देऊन आलो आणि काहीच नाही म्हणून. काय सांगणार, वाळूच्या आत काय चाललंय ते आम्हाला पण दिसत नाही. त्यांची मुलगी मात्र दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा गेली, आणि एकच पिल्लू निघालं, तेवढंसं, बशीत मावेल एवढं, लाटेने दोनदा मागे फेकलं तरी परत तोंड पाण्याकडे. ती दोरीच्या मागे श्वास धरून बसलेली.

सोयीचं म्हणाल तर गरम पाणी, गरम जेवण, स्वच्छ बाथरूम हे आम्ही मनापासून करतो. किनाऱ्यावर मोठे दिवे मागू नका तेवढे, पिल्लं उजेडाकडे वळतात.

डोंबिवलीकर:
सगळ्यांचे वाचून दाखवले आईला. वेळासच्या ताई, ती म्हणतेय मार्चमध्ये येऊ. तुमच्याकडे कमोड आहे का, आणि दारात पायऱ्या किती?

वेळासहून:
कमोड आहे हो. पायऱ्या तीन, पण कठडा नाही. तुम्ही तारीख कळवा, त्याच्या आधी मी बांबूचा कठडा करून घेते.