खाऊ वाढवला तरी नायट्रेट आपोआप उतरून राहिलं, हे काय प्रकरण?

मानेवाडा_खारंपाणी

नमस्कार मंडळी. खाऱ्या पाण्याचा मासे-कोरलचा टँक, तीन फुटी, संपसकट (खालची फिल्टरची टाकी) दोनशे लिटरच्या आसपास. ड्राय रॉक (कोरडा, सच्छिद्र दगड) आणि अरागोनाइट (चुनखडीच्या) वाळूवर उभा केलेला. मासे म्हणजे क्लाउनची जोडी, एक फायरफिश आणि अलीकडे आलेला वॉचमन गोबी. कोरल सगळे सॉफ्ट: झोअँथिड, मश्रूम, एक मोठं टोडस्टूल लेदर.

पहिलं वर्षभर नायट्रेट (खाऊ आणि माशांच्या घाणीतून साचतं ते) २५ पीपीएमच्या खाली यायचं नाव घेत नव्हतं. दर रविवारी दहा टक्के पाणी बदलतो, आजही बदलतो. आता दुसरा उन्हाळा सरत आला आणि आकडा स्वतःहून खाली चाललाय. आधी १५, मग १०, आता ५. मी काहीच बदललं नाही. उलट गोबी आल्यापासून रोज एक क्यूब मायसिस (बारीक कोळंबीसारखा खाऊ) जातो. टेस्ट किट सॅलिफर्ट कंपनीचं, नवीन. धरमपेठेतल्या मित्राच्या किटवरही तोच रंग.

पाणी आरओ-डीआयचं, टीडीएस शून्य. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आहे. रिफ्युजियम (शैवाल वाढवायचा वेगळा कप्पा) नाही, कार्बन डोसिंग (बॅक्टेरियाला खाऊ म्हणून पाण्यात कार्बन टाकणं) नाही. मग नायट्रेट गेलं कुठे? आनंद मानू की घाबरू?

रविवारचा_रीफर

पाणी बदलण्यात सातत्य ठेवलं की हळूहळू उतरतंच भाऊ. मजा करा.

एसटीपीवाला

नाही हो, असं नाही जमत हिशेबात. नायट्रेट २५ वर अडकलं होतं तेव्हा दहा टक्के बदललं की अडीच पीपीएम बाहेर जायचं, आणि पुढच्या रविवारपर्यंत तेवढंच परत तयार व्हायचं. म्हणून तर अडकलं होतं. आता ५ वर तेच दहा टक्के फक्त अर्धा पीपीएम काढतात. खाऊ वाढलाय, म्हणजे आवक अडीचच्या खाली नसणार. मग आठवड्याला किमान दोन पीपीएमचा हिशेब पाणी बदलण्यात बसतच नाही. तो कोणीतरी दुसराच करून राहिला.

माझी नोकरी सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या लॅबमध्ये आहे. घरी टँक, ऑफिसात टाक्या, बायको म्हणते दोन्हीकडे वास सारखाच. (भांडेवाडीचं प्रक्रिया केलेलं पाणी कोराडीच्या वीज केंद्रात वापरतात, हे किती नागपूरकरांना माहीत आहे कोण जाणे.) आमच्याकडे नायट्रेट काढायला एनॉक्सिक टँक म्हणून वेगळी टाकी असते. तिच्यात हवा सोडत नाहीत, नुसता मिक्सर फिरतो, आणि डीओ, म्हणजे विरघळलेला ऑक्सिजन, लिटरला ०.५ मिलिग्रॅमच्या खाली ठेवायचा. श्वासाला ऑक्सिजन मिळाला नाही की बॅक्टेरिया नायट्रेटमधला ऑक्सिजन ओढतात. मागे उरतो नायट्रोजन वायू, तो हवेत जातो.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर उन्हाळ्याच्या दुपारी क्लॅरिफायरपाशी (गाळ खाली बसवायची टाकी) उभं राहा. तळाशी बसलेला स्लज, म्हणजे बॅक्टेरियाचा गाळ, तपकिरी गोळे होऊन वर तरंगून येतो. काडीने टोचलं की गोळ्यातून बारीक बारीक फुगे सुटतात आणि तो परत खाली बसतो. लॅबमध्येही तेच. सिलिंडरमध्ये अर्ध्या तासात छान बसलेला स्लज तसाच विसरून जेवून या, परत येईस्तोवर अख्खा थर वर चढलेला असतो. ते फुगे म्हणजे नायट्रोजन.

तुमच्या रॉकच्या पोटात हेच चाललंय. वरच्या थरातले बॅक्टेरिया ऑक्सिजन संपवतात, आणि काही मिलिमीटर आत गेलं की एनॉक्सिक टँक सुरू. वर्षभर काहून झालं नाही? कारण ड्राय रॉकची भोकं रिकामी असतात. त्यांच्यात बॅक्टेरियाचा थर जमायला हवा, आणि या बॅक्टेरियांना नायट्रेटसोबत सेंद्रिय कार्बनही लागतो. तो येतो उरल्यासुरल्या खाऊतून आणि कोरलच्या चिकट स्रावातून. तुमचं लेदर अधूनमधून मेणचट कात टाकत असेल, तीसुद्धा त्यांच्यासाठी शिधाच. त्यात उन्हाळा. पाणी कोमट झालं की ऑक्सिजन कमी विरघळतो आणि बॅक्टेरियाची भूक वाढते, त्यामुळे रॉकमधला बिनऑक्सिजनचा भाग आणखी पसरतो.

समुद्रातून उचललेला, आधीच बॅक्टेरियाने भरलेला लाइव्ह रॉक असता तर हे लवकर झालं असतं, पण आपल्या किनाऱ्यावरून कोणी आणून देतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा. दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाच्या रांगेत.

आता दुसरी शक्यता. नायट्रेट उडून न जाता कोणाच्या तरी अंगी लागत असेल. कोरलमधलं शैवाल, काचेवरचं शैवाल, जांभळं कोरलाइन, सगळे नायट्रोजन खातात. त्यातही त्यांना अमोनिया जास्त आवडतो, कारण नायट्रेट वापरायचं तर आधी त्याचा अमोनिया करण्यात ऊर्जा जाते. भरलेल्या टँकमध्ये माशांचा बराच अमोनिया नायट्रेट व्हायच्या आधीच फस्त होतो. म्हणजे नायट्रेट उतरलं असं वाटतं, पण खरं तर ते तयारच कमी झालेलं असतं. लोक ही गोष्ट विसरतात आणि नुसता बॅक्टेरियाचा जयजयकार करतात.

दोन्हीत फरक करायला फॉस्फेट सांगा. आधी किती होतं, आता किती?

मानेवाडा_खारंपाणी

सर, एवढं तर कॉलेजातही कोणी समजावलं नाही. फॉस्फेट आधी ०.१२, आता ०.१०. कोरलाइन मात्र मागच्या काचेवर चांगलं पसरलंय. हिरवे झोअँथिड किंचित फिके वाटतात, की माझाच भास?

एसटीपीवाला

सर नका म्हणू, भाऊ म्हणा.

मग मोठा वाटा रॉकचा. हिशेब असा. सजीव जेव्हा खाऊन वाढतात तेव्हा नायट्रोजनसोबत फॉस्फरसही घेतात. प्लवकांमध्ये हे प्रमाण १६ अणूंना १ असं असतं, रेडफिल्डचं प्रमाण म्हणतात त्याला. टेस्ट किटच्या पीपीएममध्ये ते १० नायट्रेटला १ फॉस्फेटच्या जवळ येतं. आठवड्याला दोन पीपीएम नायट्रेट कोणी खात असेल, तर सोबत ०.२ फॉस्फेट जायला हवं. तुमच्या पाण्यात होतं सगळं मिळून ०.१२. एका आठवड्यात कोरडं पडलं असतं. वायू होऊन जाणाऱ्या नायट्रोजनला मात्र फॉस्फेटची अशी सोबत लागत नाही.

हे काट्यावर तोलू नका. मोठी शैवालं फॉस्फरस बरंच कमी घेतात, आणि अरागोनाइट स्वतःत धरलेलं फॉस्फेट हळूहळू सोडत राहतं, त्यामुळे आकडा झाकला जातो. पण दिशा समजते. आणखी एक खूण बघा. नायट्रेट साचताना केएच (पाण्याची क्षारता, डीकेएचमध्ये मोजतात) खातं आणि जाताना परत देतं. तुमच्या २० पीपीएमच्या उतरणीचे साधारण ०.९ डीकेएच होतात. सॉफ्ट कोरलच्या टँकमध्ये कॅल्शियमचा खप कमी, म्हणून वहीत जुने आकडे असतील तर दिसेलसुद्धा.

वर्धा_कोरल

भास नाही दादा, फिकेच पडत असतील. खऱ्या रीफवर नायट्रेट तुमच्या ५ पेक्षा कितीतरी कमी असतं, पण तिथे प्लवकांचा पुरवठा अखंड असतो. आपल्या टँकमध्ये तो दिवसातून एका क्यूबचा. आकडा शून्याला टेकला आणि फॉस्फेटही गेलं की तपकिरी, शेंबडासारखे डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्मजीव वाळूवर पसरतात. एकदा आले की महिनोन्महिने जात नाहीत. मी नायट्रेट दोनाच्या खाली जाऊ देत नाही.

तुमचा टँक चांगला चाललाय, त्यामुळे दुकानदार काहीही म्हणाला तरी फॉस्फेट काढणारं मीडिया लावू नका, आणि कार्बन डोसिंग तर नकोच. ते नायट्रेट जास्त असलेल्यांसाठी. लोक व्होडका टाकतात. आमच्या जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी, त्यामुळे माझं नायट्रेट जास्त होतं तेव्हा मी पांढऱ्या व्हिनेगरवर भागवलं, व्होडकाच्या साधारण आठपट लागतं. शेजारच्या काकूंना वाटायचं मी लोणच्याचा धंदा काढलाय.

मानेवाडा_खारंपाणी

हा हा. ताई, मग करू काय? आणखी एक मासा चालेल का? आणि मागच्या बाजूची वाळू जाड झालीय, ती सायफनने उपसू का?

एसटीपीवाला

वाळू अजिबात उपसू नका. तो तुमचा फुकटचा एनॉक्सिक टँक आहे. मोनॅकोत ज्याँ जोबेर यांनी जाड वाळूच्या थरावर आणि त्याखालच्या पाण्याच्या पोकळीवर अख्खी पद्धत बसवली होती. वरचा कचरा ओढून घ्या, तेवढं पुरे. खालचा थर काळा दिसला तर तर मुळीच हलवू नका, सल्फाइड मोकळं झालं तर मासे जातील. रॉकही ब्रशने घासू नका.

पाणी दर रविवारऐवजी पंधरा दिवसांनी बदला, तेही दहा टक्केच. खाऊ थोडा आणखी चालेल. झोअँथिडचा रंग बघत राहा.

मासा घ्या, पण पावसाळा लागू द्या. आता रोज संध्याकाळी वावटळ उठते आणि लाइट जाते. मघाशी ज्या बॅक्टेरियाचं कौतुक केलं ना, पंप बंद पडले की तेच तुमच्या माशांच्या वाटणीचा ऑक्सिजनही संपवतात. बॅटरीवर चालणारा एअर पंप इतवारीत सहज मिळतो. मासा आणायच्या आधी तो आणा.