सॉल्व्हर ३८ टक्के कॉल म्हणतो, म्हणून फोल्ड चूक?

चिल्लर_राजा:
कालच्या पोकरच्या हाताचा निकाल एकदाचा लावून टाकतो. स्टॅक १०० ब्लाइंड (बिग ब्लाइंड ही सक्तीची पैज, पुढचे आकडेही त्याच मापात). बटनने (शेवटी बोलणारा) २.५ ला उघडलं, बिग ब्लाइंडचा (ती सक्तीची पैज लावलेला) कॉल. फ्लॉप (पहिले तीन सामायिक पत्ते) बदाम राजा, बदाम अठ्ठी, किलवर तिर्री; १.८ ची बेट, कॉल. टर्न (चौथा पत्ता) इस्पिक पंजी, ६.८ ची बेट, कॉल. रिव्हर (पाचवा) चौकट दुर्री, पॉट २२.७ आणि बेटही २२.७. बिग ब्लाइंडकडे किलवर राजा आणि बदाम दश्शी. त्याने टाकले आणि इथे सगळ्यांनी पाठ थोपटली. सॉल्व्हर (समतोल खेळ मोजून काढणारा प्रोग्राम) लावला: ३८ टक्के कॉल, कॉलची ईव्ही (सरासरी फायदा) अधिक ०.०४. म्हणजे फोल्ड चूक. हे गणित आहे, मतं नाहीत. धागा बंद करा.

कोरडा_टर्न:
"गणित आहे, मतं नाहीत" वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितो.

सॉल्व्हर एकच हात कधी कॉल आणि कधी फोल्ड करतो, तेव्हा दोन्हींची ईव्ही सारखी असते. नसती तर त्याने एकच काहीतरी निवडलं असतं. तुझा ३८ टक्केवाला सॉल्व्हर उरलेल्या ६२ टक्के वेळा हेच पत्ते टाकतोय, तेव्हा तो चुकतो का?

आता ते ०.०४. अचूकता अर्ध्या टक्क्यावर थांबवली असणार, बहुतेक जण तेच करतात. सुरुवातीचा पॉट ५.५, त्याचा अर्धा टक्का ०.०२७५ ब्लाइंड. पण ही अख्ख्या झाडाची, म्हणजे हात पुढे जाऊ शकतो त्या सगळ्या वाटांची सरासरी झाली. टर्नला नेमकी पंजी, रिव्हरला नेमकी दुर्री आणि तिन्ही स्ट्रीटवर बेट, ही फांदी हजारात एकदाही येत नाही. तिथे सॉल्व्हर एका ब्लाइंडने चुकला तरी सरासरीत दिसणारसुद्धा नाही. ०.०४ म्हणजे निव्वळ गोंगाट. रिव्हरपर्यंत आलेल्या दोन्ही रेंज (प्रत्येकाकडे असू शकणारे सगळे हात) काढ, नवीन झाड थेट रिव्हरपासून बांध, पॉट २२.७, मागे ८८.९, आणि ०.१ टक्क्यापर्यंत चालव. काही सेकंदांचं काम आहे.

आणि ती बदाम दश्शी कुणी पाहिली का? ती तुझ्या हातात असली की बटनचे बदामाचे एक्का-दश्शी, राणी-दश्शी, गुलाम-दश्शी, दश्शी-नव्वी, दश्शी-सत्ती असे पाच हुकलेले ड्रॉ (फ्लशसाठी पाचवं बदाम न आलेले हात) गेले. म्हणजे कॉल ज्यांच्या ब्लफच्या जोरावर करायचा तेच हात कमी झाले. दश्शी किलवर सोडून दुसऱ्या काळ्या रंगाची असती तर गोष्ट वेगळी.

नोडलॉक्या:
बाकी ठीक, पण दश्शीचं अर्धंच सांगितलंत. हुकलेला फ्लश ड्रॉ घेऊन ब्लफ करणं सॉल्व्हरच्या बटनला मुळात फारसं आवडत नाही, कारण बिग ब्लाइंडचे फोल्ड होणारे हातही बदामाचेच असतात. त्यातले बरेच तो चेक करतो आणि ब्लफसाठी सत्ती-छक्की, राणी-गुलाम असले हात उचलतो. शिवाय बदामाचा प्रत्येक ड्रॉ हुकलेला नाही. एक्का-चव्वी आणि छक्की-चव्वी या दुर्रीवर स्ट्रेट होऊन बसलेत. "बदाम ब्लॉक केला (आपल्या हातात असल्याने समोरच्याकडे नाही) की फोल्ड" एवढं सोपं नाही. कॉम्बो (पत्त्यांच्या शक्य जोड्या) मोजा, मग बोला.

चिल्लर_राजा:
केवढा शब्दांचा पाऊस. ०.०४ शून्यापेक्षा मोठं आहे, एवढं तरी मान्य? पोकर २०१५ मध्येच सुटलाय, तुम्ही अजून ब्लॉकर मोजताय.

दुर्री_ऑफसूट:
२०१५ मध्ये अल्बर्टा विद्यापीठाच्या सेफियस प्रोग्रामने सोडवला तो दोघांचा लिमिट होल्डेम, ज्यात बेटचा आकार ठरलेला असतो. नो-लिमिट नाही. २०१९ चा प्लुरिबस प्रोग्राम सहा जणांत जिंकला, पण त्याला "सुटला" असं कुणी म्हणत नाही. पुढे चालू द्या.

रेक_रेक_रेक:
सगळे भांडताय आणि एकानेही विचारलं नाही की रेक (खेळवणारा पॉटमधून कापतो तो हिस्सा) टाकला होता का. नेहमीचंच! इथले अर्धे स्क्रीनशॉट शून्य रेकवरचे असतात.

हिशोब करा. २२.७ कॉल करून ६८.१ चा पॉट, लागते ३३.३ टक्के इक्विटी (जिंकण्याची शक्यता). रेक ५ टक्के, कॅप (कमाल मर्यादा) ३ ब्लाइंड धरा. हातात येतात ६५.१. आता लागते ३४.९. तुझ्या ०.०४ ला इक्विटी होती सुमारे ३३.४. तीच ठेवून रेक लावला तर कॉल उणे ०.९६. जवळजवळ अख्खा ब्लाइंड घालवून वर फोल्डवाल्याला शहाणपण शिकवतोयस.

नोडलॉक्या:
हे चुकीचं आहे आणि तुम्ही दर धाग्यात हेच करता. रेक टाकून सॉल्व्हर पुन्हा चालवला की समोरचा तसाच बसून राहत नाही. तो ब्लफ वाढवतो, ३३.३ वरून ३४.९ पर्यंत, आणि तुमचा हात पुन्हा शून्याच्या आसपास येतो. जुनी इक्विटी आणि नवा रेक असा हिशोब करणं म्हणजे दोन वेगळ्या झाडांची फळं एकाच टोपलीत मोजणं.

रेक_रेक_रेक:
सॉल्व्हरमधला बटन वाढवतो! टेबलावरचा बटन वाढवतो का? तो रेक बघून मोजून-मापून जास्तीचे ब्लफ घालतो असं वाटत असेल तर नमस्कार. आणि तुमच्याच भाषेत बोलायचं तर ब्लफ करणाऱ्यालाही रेक लागतो. सगळ्यांनी फोल्ड केलं तरी २२.७ वर १.१ कापले जातात, उरतात २१.६. ब्लफ फुकट पडू नये म्हणून ५० नाही, ५१.३ टक्के फोल्ड लागतात. म्हणजे बचाव ५० वरून ४८.७ वर. हा सव्वा टक्का कुठून कापला जाणार? सगळ्यात काठावरच्या हातातून. काठावर कोण बसलंय? राजा-दश्शी.

नोडलॉक्या:
बरं, काठावरच्या हाताचं पटलं. उणे ०.९६ चं नाही पटलं, पटणारही नाही.

कोरडा_टर्न:
रेकवरून घसा कोरडा करून झाला असेल तर मुद्द्यावर या. समोरचा कमी ब्लफ करतो असं म्हणायचंय ना? मग सॉल्व्हरमध्ये त्याचा खेळ आपण ठरवून लॉक करून बघा की.

नोडलॉक्या:
बघा, पण नीट. फ्लॉपपासूनच्या झाडात फक्त रिव्हरचे ब्लफ कमी करून लॉक लावलात तर सॉल्व्हरच्या बटनला पुढचं कुलूप टर्नलाच ठाऊक असतं. जे हात पुढे ब्लफ करता येणार नाहीत ते तो टर्नलाच चेक करतो, मग रिव्हरला येणारी रेंजच बदलते आणि मिळालेल्या आकड्यांना काही अर्थ उरत नाही. एकतर टर्नही लॉक करा, नाहीतर रिव्हरचं वेगळं झाड घेऊन त्यातच लॉक करा.

किती कमी करायचे हेही बघा. समजा बटनकडे व्हॅल्यूचे (खरोखर भारी हातांचे) ३० कॉम्बो. पॉटएवढ्या बेटला ब्लफ हवेत १५. त्यातले तीनच काढा: ४२ पैकी १२, म्हणजे २८.६ टक्के. संपलं, नुसत्या ब्लफ पकडणाऱ्या प्रत्येक हाताला फोल्ड. तुमचे ३८ टक्के तीन कॉम्बोंनी शून्य होतात. उलट तीन वाढवले की तेच शंभर. त्यामुळे समोरचा तीनने कमी करतो की जास्त, हे माहीत नसेल तर लॉकही तुमच्याच अंदाजाची छापील प्रत आहे.

चिल्लर_राजा:
म्हणजे फिरून फिरून "समोरचा बघून ठरवा". हे सांगायला एवढे परिच्छेद?

कोरडा_टर्न:
हो, कारण तू धागा बंद करायला निघाला होतास.

चिल्लर_राजा:
बरं बाबा. रिव्हरचं झाड वेगळं करून, रेक ५, कॅप ३, अचूकता ०.१ वर चालवलं. बदाम दश्शीवाला आता ९ टक्के कॉल, काळी इस्पिक दश्शी ५५. खूश? "चूक" शब्द मागे घेतो, "काठावर" म्हणतो. पाठ थोपटणाऱ्यांनाही यातलं काही माहीत नव्हतं, हे मात्र लिहून ठेवा.

रेक_रेक_रेक:
प्रीफ्लॉप (फ्लॉपच्या आधीच्या) रेंज रेकवाल्या होत्या का? शून्य रेकचा चार्ट वापरला असशील तर बिग ब्लाइंडमध्ये फ्लॉप बघायलाच नको होते असले हात भरलेत आणि रिव्हरला आलेली रेंजही बिघडलेलीच आहे. पुन्हा चालव.