पाटणादेवी ते अंतूर, कडेकडेने : पाणी कुठे? (घाईत आहे)

डोंगरवारी : मंडळी, शनिवारी निघतोय. सातमाळा-अजिंठा रांग तुकड्यातुकड्याने करतोय. अचला ते चांदवड झालं, अणकाई-टणकाई झाले. आता पाटणादेवी, कण्हेरगड, पितळखोऱ्याची लेणी, मग औट्रम घाटाचा रस्ता ओलांडून अंतूर किल्ला. शक्यतो खाली न उतरता, डोंगरमाथ्याची धार धरून. नकाशावर धार सलग दिसते. पाणी कुठे कुठे मिळेल एवढंच सांगा. जुने धागे वाचून झालेत.

गिरणाकाठ : शनिवार म्हणजे परवाचा? फेब्रुवारी संपत आलाय राव. किती जण, किती दिवस?

डोंगरवारी : परवाचाच. दोन दिवस. पाण्याचं सांगा ना.

तात्या पाचोरेकर : बूट कोणते घेतलेत? मी त्या भागात कोरे करकरीत बूट घालून गेलो होतो. उतारावर पाय पुढे सरकून सरकून दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली, महिन्याने गळाली. आदल्या रात्री नखं कापा, मोजे दोन जोड घ्या.

डोंगरवारी : काका, बुटांचं विचारलेलं नाही.

भटक्या_जळगाव : माझ्याकडे पाटणादेवी-पितळखोऱ्याचा जीपीएस ट्रॅक आहे, पाण्याच्या खुणांसकट. व्यनि (खासगी निरोप) करा, पाठवतो. वाटाड्याची गरज नाही.

चाळीसगावकर : ट्रॅक कधीचा?

भटक्या_जळगाव : सप्टेंबरचा.

चाळीसगावकर : मग त्या खुणांवर आता दगड भेटतील. सप्टेंबरात धवलतीर्थ धबधबा धो धो पडतो, आता जाऊन बघा. आणि वाट गवतात बुडालेली असते ती निराळीच. पाटण्यातून माहीतगार माणूस घ्या.

भटक्या_जळगाव : माणूस घेऊन ट्रेक करायचा तर रिक्षानेच जा की.

चाळीसगावकर : तुमचा फोन पडला की रिक्षाच शोधाल.

गिरणाकाठ : भांडण बाजूला ठेवा. डोंगरवारी, धार म्हणताय ती चांदवडकडची धार डोक्यातून काढा. इथे बरीचशी पठाराची कड आहे. उत्तरेला खान्देशाकडे कडे तुटलेले, दक्षिणेला कन्नडकडे पठार. कडही सरळ जात नाही, प्रत्येक ओढ्याने ती आत खाल्लेली आहे. समोरच्या सोंडेवरचा गुराखी हाक मारली तर ओ देईल, पण त्याच्यापर्यंत पोचायला अख्ख्या घळीला वळसा. पितळखोऱ्याची लेणी अशाच एका घळीत कोरलेली आहेत. नकाशावरचं अंतर दुप्पट धरा.

आता पाणी. तहान लागली की माणूस खाली चाळीसगावकडे बघतो, कारण गावं तिकडे दिसतात. तिकडे उतरू नका. पुन्हा तेवढंच चढायचं, तेही घसाऱ्यावरून. वर वाळलेलं गवत, खाली सुटे दगड, पाय टाकला की दगड गवतासकट निघतो. कड्याकडे पाठ करून पठारावर आत चालत जा, शेतवस्ती लागते. विहीर आहे म्हणून निर्धास्त राहू नका, पोहरा-दोर असेलच असं नाही. बरंचसं मोटारीवर चालतं. म्हणून शेतीची लाईट या आठवड्यात दिवसाची आहे की रात्रीची, हे आधी विचारून घ्या. रात्रीची असेल तर पहाटे हौदात भरलेलं मिळेल, दुपारी तळ दिसेल. एरवी माणशी पाच लिटर पाठीवर.

डोंगरवारी : हे कामाचं. पाच लिटर मी नेईन, मेव्हणाही नेईल. मुलाला दोनच देतो.

चाळीसगावकर : मुलाला? केवढा आहे?

डोंगरवारी : अकरा. चालतो तो, कळसूबाई केलंय.

गिरणाकाठ : हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं. मुक्काम कुठे करणार?

डोंगरवारी : तंबू आहे. कडेवरच कुठेतरी.

अरण्यक : कडेवर कुठेतरी म्हणजे गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात. 1986 पासून अभयारण्य आहे ते. वनविभागाच्या परवानगीशिवाय तंबू ठोकता येणार नाही. बिबटे आहेत, अस्वलं आहेत. शेकोटीचं तर नावच नको, या दिवसांत एका ठिणगीत डोंगर पेटतो. लेण्यांजवळ आणि कातळाखाली आग्या मोहळं असतात. अत्तर, धूर, आरडाओरडा बंद. मुलाला हे घरूनच बजावून न्या.

इतिहासवेडा : पाटणादेवीला जाताय तर शिलालेखाचा विषय जरूर वाचून जा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ स्थापला, शके 1128 चा उल्लेख आहे, म्हणजे इ. स. 1207. आणि औट्रम म्हणजे 1825 साली खान्देशात भिल्लांची पलटण उभी करणारा जेम्स औट्रम. घाटातून रोज हजारो गाड्या जातात, नावाचा माणूस कोण हे कुणाला ठाऊक नसतं.

डोंगरवारी : छान. पाणी?

अहिराणीभाऊ : भो, तठे पाणी नही शे. सकाळमा पाटणादेवीलेच पोट भरी पी ल्या, बाटल्या भरी ल्या, मंग चढा. आनि सोबत कळणानी भाकर ल्या, दोन दिन टिकस.

तात्या पाचोरेकर : कळण्याच्या भाकरीसोबत भरीत न्या म्हणालो असतो, पण दुपारपर्यंत आंबेल. ठेचा न्या.

गिरणाकाठ : डोंगरवारी, स्पष्ट लिहितो. अकरा वर्षांचा मुलगा, दोन दिवस, अंतूरपर्यंत, फेब्रुवारीअखेर: जमणार नाही. पहिला दिवस पाटणादेवी ते पितळखोरा करा. पहाटे निघा, उन्हं चढायच्या आत कड गाठा. लेण्यांच्या वरपर्यंत कन्नडकडून गाडीरस्ता आहे, तिथे गाडी बोलावून ठेवा. अंतूरला दिवाळीनंतर वेगळे या, नागापूरकडून. गडावर टाकी आहेत, पण त्या पाण्याचा रंग बघूनच ठरवा.

डोंगरवारी : हम्म. दोन दिवसांची रजा टाकून बसलोय. बरं, अंतूर सोडतो. रविवारी मग पितळखोऱ्यालाच जरा निवांत. गाडी चाळीसगावहून घाट चढून येणारी बघू की कन्नडहून?

चाळीसगावकर : कन्नडहून. घाटात कोंडी झाली की तुम्ही लेण्यात आणि गाडी घाटात. माणसाचं काय ठरलं?

डोंगरवारी : पाटण्यातून घेतो. आणि भटक्या, ट्रॅकही पाठवा, असू द्या.

भटक्या_जळगाव : पाठवला.

तात्या पाचोरेकर : बुटांचं मात्र सांगितलं नाहीत. मुलाचे नवे आहेत का?

डोंगरवारी : ...कालच आणलेत.