परसातील केळीचा घड कधी उतरवावा आणि कच्ची केळी कशी शिजवावी? मदत हवी आहे

नमस्कार. नांदेड जिल्ह्यात अर्धापूरच्या केळीपट्ट्यालगत आमचे घर असून, परसात मोरीच्या पाण्यावर वाढलेली केळ गणपतीच्या दिवसांत निसवली होती (म्हणजे तिचा घड बाहेर पडला होता). आता पौष लागला आहे. वरच्या फणीतील फळांच्या धारा जवळजवळ बुजल्या आहेत आणि टोकाची सुकलेली फुले हात लावताच गळतात. खालच्या फण्या मात्र अजून चौकोनीच दिसतात. शेजारचे बागायतदार पाऊण भरताच घड कापा म्हणतात, पण त्यांचा माल ट्रकने दूरच्या बाजारात जायचा असतो आणि आमचा घरात व भावकीत वाटून संपणार आहे, तेव्हा त्यांचे माप आम्ही पाळावे का, हा माझा मुख्य प्रश्न आहे. सगळा घड एकदम पिकला तर खाणार कोण, म्हणून निम्मी केळी भाजीत घालावीत असे वाटते. परंतु कच्चे केळे चिरले की चिकाने विळी आणि हात काळे होतात व भाजीही करडी दिसते. भाकरीसोबत खाण्याजोगी रीत कृपया सांगावी.

प्रतिसाद: ताई, ते माप वाहतुकीसाठी आहे, घरच्या घडाला ते लावण्याची गरज नाही. निसवल्यापासून घड भरायला साधारण तीन ते चार महिने लागतात आणि थंडीत त्याहून अधिक, त्यामुळे खालच्या फण्या मागे राहिल्या यात नवल नाही. वरची फणी धारदार सुरीने आत्ताच काढून घ्या, बाकीचा घड झाडावर भरू द्या. फक्त सालीला चिरा पडू लागल्या तर थांबू नका. घड उतरवताना दोघे असावेत: एकाने दांडा धरावा आणि दुसऱ्याने बुंध्याला अर्धवट घाव घालून झाड हळूहळू वाकवावे, म्हणजे घड आपटत नाही. तो बुंधा पुन्हा फळत नाही, म्हणून कापून टाकावा आणि जोमदार पील (बुंध्याशी फुटलेले नवे रोप) राखावे.

पिकवण्यासाठी कार्बाइड नको, त्यावर बंदीच आहे. लागतील तेवढ्याच फण्या एका पिकलेल्या केळ्यासह भाताच्या पेंढ्यात झाकून ठेवाव्यात. तापमान १३ अंशांच्या खाली गेले की कच्च्या केळ्याची साल काळवंडते, म्हणून पौषातल्या रात्री घड ओसरीवर न टांगता घरात घ्यावा; फ्रिजमध्ये तर मुळीच नको.

भाजीसाठी केळी सालीसकट कुकरमध्ये एका शिट्टीपुरती उकडून मग सोलावीत, म्हणजे चीक हाताला लागत नाही. कच्चीच चिरायची असतील तर हाताला व विळीला तेल लावून फोडी लगेच ताकाच्या पाण्यात टाकाव्यात; आंबटपणामुळे त्या काळ्या पडत नाहीत. फोडणीत जिरे आणि भरपूर लसूण परतून येसर (धान्य, डाळी व मसाले भाजून केलेले पीठ), तिखट व गरम पाणी घालावे, उकळी आल्यावर केळ्याच्या फोडी सोडाव्यात आणि शेंगदाण्याचा कूट शेवटी घालावा. कूट आधी घातला तर रस्सा तळाला लागतो. केळफूल अजून झाडावर लोंबत असेल तर तेही घ्या, मात्र प्रत्येक फुलातील गोल डोक्याची कडक काडी आणि पारदर्शक पापुद्रा काढून ते चिरून रात्रभर ताकात ठेवावे.