लॉस लोबोसचा 'नेटिव्ह सन्स': सरमिसळ की एका शहराशी इमान?
(एक चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पूर्वरंग
पूर्व लॉस एंजेलिसचा लॉस लोबोस हा बँड १९७३ पासून स्पॅनिश आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत गातो आहे. आपल्याकडे बहुतेकांना तो १९८७ च्या 'ला बांबा'मुळे माहीत असतो. त्यांच्या 'नेटिव्ह सन्स' (२०२१) या अल्बमात तेरा गाणी आहेत. शीर्षकगीत तेवढं त्यांचं, बाकी बारा इतरांची, लॉस एंजेलिस शहराची गाणी म्हणून निवडलेली: बीच बॉइज, बफेलो स्प्रिंगफिल्ड, वॉर, दी मिडनाइटर्स, लालो गरेरो. रॉक, सोल, ब्लूज, मांबोच्या वळणाचं नाचगाणं, सगळं एकापाठोपाठ येतं.

याला 'फ्यूजन' म्हणणं मला पटत नाही. फ्यूजनमध्ये आधी वेगळ्या असलेल्या गोष्टी कोणीतरी मुद्दाम जोडतो. या शहरात त्या वेगळ्या नव्हत्याच. 'फार्मर जॉन' हेच गाणं घ्या. १९५९ मध्ये पॅसाडीनाच्या डॉन आणि डूई या कृष्णवर्णीय जोडीने ते केलं. १९६४ मध्ये सॅन गेब्रिएलच्या प्रीमिअर्स या मेक्सिकन-अमेरिकन पोरांनी गाजवलं. आता लॉस लोबोस वाजवतात. माझ्या मते हा त्यांचा सर्वांत प्रामाणिक अल्बम आहे.

जुनी तबकडी
प्रामाणिक असेल, पण सर्वांत मोलाचा नक्कीच नाही. 'ला बांबा' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेल्यावर याच मंडळींनी १९८८ मध्ये काय काढलं? 'ला पिस्तोला इ एल कोरासोन'. सगळा अल्बम स्पॅनिशमध्ये, मेक्सिकोच्या लोकसंगीतातला, हाराना, गितारोन, बाहो सेक्स्तो ही वाद्यं हाती घेऊन केलेला. सगळं जग आणखी एक 'ला बांबा' मागत असताना त्यांनी आईवडिलांच्या घरातलं संगीत पुढे ठेवलं. त्याला धैर्य लागतं. 'नेटिव्ह सन्स'मध्ये मात्र तेरातली फक्त दोन गाणी स्पॅनिश आहेत, 'लोस चूकोस सुआवेस' आणि 'दिचोसो'. दोन भाषांचा बँड म्हणून आपण त्यांचं कौतुक करतो, पण पारडं कुठे झुकलंय तेही बघा.

शिवाय 'एका शहराची गाणी' म्हणता, तर 'मिझरी' गाणारा बॅरेट स्ट्राँग डेट्रॉइटच्या मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीचा. 'दिचोसो'वाला विली बोबो जन्माने न्यूयॉर्कचा.

पूर्वरंग
गाणारा कुठला यापेक्षा ते गाणं कुठे ऐकलं गेलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. पन्नाशीच्या दशकात लॉस एंजेलिस शहरात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या सार्वजनिक नाचावर निर्बंध होते. म्हणून आर्ट लबो हा रेडिओवाला शहराच्या हद्दीबाहेर, एल मॉन्टेच्या लीजन स्टेडिअममध्ये कार्यक्रम करायचा. तिथे गोरी, कृष्णवर्णीय, मेक्सिकन मुलं एकाच फरशीवर नाचली. अशा ठिकाणी रुजलेल्या गाण्याचा जन्मदाखला कोण मागतं? पूर्व लॉस एंजेलिसच्या पोरांनी सोल आणि ऱ्हिदम अँड ब्लूज आपलंच मानलं. लॉस लोबोसही शाळेच्या वयात रॉक वाजवत होते. जुन्या मेक्सिकन तबकड्यांकडे ते नंतर वळले.

आणि लालो गरेरोच्या 'लोस चूकोस सुआवेस'चे शब्द नीट ऐका. स्विंग, बूगी-वूगी, जिटरबगचे दिवस सरले, आता पाचूको, म्हणजे झोकदार कपड्यांतली मेक्सिकन-अमेरिकन पोरं रुंबा, ग्वाराचा, दान्सोन हे क्यूबाचे नाच नाचतात, असं गरेरो सांगतो. म्हणजे तुम्ही अस्सल म्हणून बाजूला काढलेलं स्पॅनिश गाणंच नाचांच्या मिश्रणाबद्दल आहे.

सॅन होजेकर
इथे कॅलिफोर्नियात राहतो, म्हणून थोडं वेगळं मांडतो. २०२२ मध्ये या अल्बमाला ग्रॅमी मिळालं ते 'अमेरिकाना', म्हणजे अमेरिकी मुळांच्या संगीताच्या विभागात. काहींना ते खटकलं, लॅटिन ओळख पुसली गेली असं वाटलं. मला उलट वाटतं. पूर्व लॉस एंजेलिसचं संगीत अमेरिकेच्याच मातीतलं आहे, हे मान्य व्हायला इतकी वर्षं लागली याचं मला वाईट वाटतं. १९८४ मध्ये त्यांच्या 'आन्सेल्मा' या गाण्याला पहिलं ग्रॅमी मिळालं ते 'मेक्सिकन-अमेरिकन' नावाच्या वेगळ्या खणात.

जुनी तबकडी
खण बदलला याचा आनंद मलाही आहे. माझा आक्षेप सरमिसळीला नाहीच, कव्हरच्या, म्हणजे दुसऱ्यांची गाणी पुन्हा गाण्याच्या सुरक्षिततेला आहे. त्यांचाच १९९२ चा 'किको' हा अल्बम ऐका. तिथे ब्लूज, मेक्सिकन वळणं, विचित्र गुंजणारे आवाज, स्टीव्ह बर्लिनचा सॅक्सोफोन सगळं आहे, पण कुठला धागा कुठून आला ते सांगताच येत नाही. नवीनच काहीतरी जन्माला आलेलं असतं. 'नेटिव्ह सन्स'मध्ये प्रत्येक गाणं आपापल्या शैलीत राहतं. शेजारी ठेवणं आणि मिसळणं यात फरक आहे, आणि एवढ्या ताकदीच्या वादकांकडून मी मिसळण्याचीच अपेक्षा धरणार.

मांडवीकाठ
गोव्याचा म्हणून एक भर. क्रिस पेरी या संगीतकाराने कोंकणी गाण्यांत ब्रास आणि लॅटिन ठेके आणले आणि लोर्नाने ती गायली. आमच्याकडे कोणी ते 'प्रयोग' म्हणून ऐकत नाही, लग्नात वाजतं म्हणून ऐकतो. लॉस लोबोसही सुरुवातीला लग्नांतच वाजवायचे. लग्नात आजीलाही नाचवायचं असतं आणि नातवालाही, त्यामुळे गाणी शेजारी शेजारीच येतात. जुनी तबकडी ज्याला उणीव म्हणतात, ती मला या अल्बमाची रीत वाटते.

जुनी तबकडी
लग्नाच्या रात्रीसाठी ते अगदी योग्य आहे. पण तबकडी माणूस एकटा बसून, परत परत ऐकतो. तसा ऐकताना मला या अल्बमात त्यांच्या स्वतःच्या आणखी चार-पाच रचना हव्या होत्या. शीर्षकगीत इतकं चांगलं उतरलंय, म्हणूनच ही हुरहूर जास्त.

पूर्वरंग
शीर्षकगीताबद्दल शंभर टक्के सहमत. पण ते गाणं सातव्या क्रमांकावर, बरोबर मधोमध ठेवलंय. आधी सहा गाणी, नंतर सहा. ज्यांच्याकडून शिकलो त्यांच्या रांगेत आपली जागा पुढे नाही, मध्ये आहे, असं पन्नाशीला टेकलेला बँड सांगतो तेव्हा आणखी चार रचना नसल्या तरी मला चालतं. तुम्ही एकदा क्रम न बदलता, 'द वर्ल्ड इज अ गेटो' संपेपर्यंत सलग ऐका, मग पुन्हा बोलू.