मदत हवी आहे : इनलाइन स्केट्ससाठी आधार देणारे इनसोल (बुटात तळव्याखाली घालायचे अस्तर) कसे निवडावेत?

माझी तेरा वर्षांची मुलगी बेळगावात आठवड्यातून पाच दिवस इनलाइन स्केटिंगचा सराव करते. तिचे तळवे सपाट असल्यामुळे वीस मिनिटांतच तळव्याच्या आतल्या कमानीत कळ येऊ लागते आणि घोटे आत झुकतात. स्केट्सचे माप बरोबर आहे, चाकांची फ्रेमही प्रशिक्षकांनी तपासून सरळ बसवून दिली आहे.

आधी जेलचे मऊ इनसोल वापरून पाहिले, पण त्यात पाय घसरतो आणि जोर चाकांपर्यंत नीट पोहोचत नाही. नंतर मूळ इनसोल न काढताच त्यावर चालण्याच्या बुटातले कमानदार इनसोल घातले (ही चूकच झाली), तेव्हा टाच उचलली गेली आणि बुटातल्या घोट्याच्या खोबणीशी घोटा जुळेनासा झाला.

पाय अजून वाढता असल्याने अडीच हजार रुपयांपेक्षा अधिक खर्च परवडणार नाही. मापाचे इनसोल करून घेण्यासाठी कोल्हापूर किंवा हुबळीपर्यंत जाता येईल. अशा पायाला मूळ इनसोल काढून पूर्ण लांबीचा, टणक आणि टाचेशी खोलगट इनसोल घालावा, की फक्त टाच व कमानीला आधार देणारा तीन-चतुर्थांश लांबीचा पुरेसा ठरतो?